गुन्हा कुणाचा, शिक्का कुणावर?

बारामती तालुक्यातील सांगवी येथून आमच्या एका तरुण वाचकाचे पत्र आले आहे. हा तरुण फौजदाराच्या परीक्षेची तयारी करतो. अभ्यासात त्याला गुन्हेगारीशास्त्र आहे आणि त्याच्या हाती कुठल्याशा क्लासच्या झेरॉक्स नोट्स आहेत. त्यात गुन्ह्याच्या व्याख्या आहेत, सिद्धांत आहेत आणि गुन्ह्यांचे प्रकार आहेत. शरीराविरुद्धचे गुन्हे, मालमत्तेविरुद्धचे गुन्हे, राज्याविरुद्धचे गुन्हे, संघटित गुन्हेगारी, पांढरपेशी गुन्हेगारी, सायबर गुन्हे. आणि या यादीच्या शेपटीला 'गुन्हेगार जमाती'! त्याने आम्हाला एवढेच विचारले आहे, की गुन्हेगार जन्मतो की घडतो? नोट्सप्रमाणे लिहिले तर गुण मिळतील, पण तसे लिहावे काय?

प्रश्न एका विद्यार्थ्याचा दिसतो, पण तो त्याच्यापुरता नाही. उद्या याच मुलाच्या अंगावर खाकी वर्दी येणार आहे, हातात दंडुका येणार आहे आणि समोर कुणीतरी पालातला माणूस उकिडवा बसणार आहे. तेव्हा या नोट्समधले कुठले पान त्याच्या डोक्यात असेल, यावर त्या पालातल्या माणसाचा जीव अवलंबून असेल. म्हणून या पत्राचे उत्तर आम्ही जाहीरपणे देत आहोत.

सांगवी हे नीरेच्या अंगाचे, बागायतीचे गाव. नीरेचे कालवे आले, ऊस आला, माळेगाव, सोमेश्वर हे साखर कारखाने झाले. पलीकडे इंदापूर तालुक्यात भवानीनगर आणि वालचंदनगर आहे. राज्याच्या सहकाराचा आणि राजकारणाचा हा बालेकिल्ला. या हिरव्यागार पट्ट्याच्या बांधावर, ओढ्याकाठी, गायरानात पारध्यांची पाले पडलेली असतात. मोसमात त्यांच्या शेजारी ऊसतोड मजुरांच्या कोप्या उभ्या राहतात. या माणसांबद्दल आपल्या वर्तमानपत्रांत एक ठराविक बातमी येते, आणि ती वाचकांना तोंडपाठ असेल: 'दरोड्याच्या तयारीतील टोळी जेरबंद, कोयता, कटावणी, नायलॉन दोरी व मिरची पूड जप्त.' आता कोयता, दोरी आणि तिखट हे ऊसतोड्याच्या कोपीत नाही सापडणार तर काय एखाद्या साहेबाच्या बंगल्यात सापडणार? दरोडा पडलेला नसतो, फिर्यादी स्वतः पोलिसच असतो, पण 'तयारी' सिद्ध झालेली असते. जुन्या दंडसंहितेत हे कलम ३९९ आणि ४०२ होते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत तेच कलम ३१० च्या पोटात गेले आहे. आकडे बदलले. खरे दरोडे पडतात आणि ते घालणारे पकडलेच पाहिजेत, याबद्दल आमचे दुमत नाही. आमचा प्रश्न एवढाच आहे, की तपास गुन्ह्यापासून सुरू होऊन माणसापर्यंत जातो, की माणसाच्या जातीपासून सुरू होऊन गुन्ह्यापर्यंत?

शास्त्राचे म्हणाल तर गुन्हा आणि शिक्षेचे या देशातले सर्वात जुने आणि सर्वात टिकाऊ शास्त्र मनूने लिहिले आहे. तिथे गुन्हा काय केला याला दुय्यम महत्त्व, कुणी केला आणि कुणाविरुद्ध केला याला पहिले. इतरांना जिथे देहदंड, तिथे ब्राह्मणाला मुंडन! आणि दहाव्या अध्यायात चांडाळांनी गावाबाहेर राहावे, राजाज्ञेने ठरलेली चिन्हे अंगावर बाळगूनच गावात फिरावे, ही व्यवस्था. माणसाने काही केले असो वा नसो, त्याच्या जन्मावरून त्याच्यावर पाळत ठेवायची, त्याच्यावर खूण करायची, त्याला वेशीबाहेर डांबायचे. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला बाबासाहेबांनी जे जाळले त्यात ही दंडनीतीही होती, हे आपण विसरता कामा नये.

युरोपात १७६४ साली बेकारिया नावाच्या इटालियन विचारवंताने गुन्हा आणि शिक्षा यावर एक छोटे पुस्तक लिहिले. कायद्यापुढे सरदार आणि रयत सारखे, शिक्षा गुन्ह्याच्या प्रमाणात, छळ करून जबाब घेणे रानटीपणाचे, असे त्याचे म्हणणे. यालाच पुस्तकांत अभिजात संप्रदाय म्हणतात. पण पुढच्या शतकात त्याच इटलीत लोंब्रोसो नावाचा डॉक्टर निघाला. त्याने तुरुंगातल्या कैद्यांच्या कवट्या, जबडे, कान मोजले आणि १८७६ साली जाहीर केले, की गुन्हेगार हा जन्मतःच गुन्हेगार असतो, तो माणसाच्या मागल्या रानटी अवस्थेतून उसळी मारून वर आलेला असतो. लोंब्रोसोला ही जन्मखूण प्रथम कुणात दिसली? दक्षिण इटलीतल्या एका दरिद्री खेडुताच्या कवटीत. उत्तरेकडच्या सुखवस्तू शहरी डॉक्टरला दक्षिणेकडचा भुकेकंगाल शेतमजूर जन्मजात गुन्हेगार दिसावा, यात नवल ते काय? १९१३ साली इंग्लंडात चार्ल्स गोरिंगने सुमारे तीन हजार कैद्यांची मोजमापे घेतली आणि गुन्हेगाराची म्हणून वेगळी शरीरठेवण नसते हे दाखवून दिले. लोंब्रोसो शास्त्रातून हद्दपार झाला.

पण आपल्या देशात त्याला हद्दपार करायला कुणी तयार नव्हते, कारण तो इथे येण्याच्या आधीच घरात बसलेला होता. लोंब्रोसोच्या ग्रंथाच्या पाच वर्षे अगोदर, १८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमाती कायदा केला. या कायद्यामागचा युक्तिवाद असा, की हिंदुस्थानात सुताराचा मुलगा सुतार होतो, विणकराचा विणकर होतो, तेव्हा चोराचा मुलगा चोरच होणार. धंदा जातीने चालतो तसा गुन्हाही जातीने चालतो. इंग्रज हे कुठून शिकला? जन्मावरून धंदा आणि धंद्यावरून योग्यता हे त्याला इथल्या वर्णव्यवस्थेनेच शिकवले. इटलीतल्या डॉक्टरने निदान टेप लावून कवट्या तरी मोजल्या. इथे तेवढेही कष्ट घ्यावे लागले नाहीत, जात विचारली की काम झाले.

हा कायदा सुरुवातीला उत्तरेकडे लागू झाला. १९११ च्या कायद्याने तो मुंबई इलाख्यासह देशभर नेता आला आणि १९२४ मध्ये तो एकत्र करून पक्का करण्यात आला. एकदा सरकारने जमात गुन्हेगार म्हणून जाहीर केली, की त्या निर्णयाला कुठल्याही कोर्टात आव्हान देता येत नसे. नोंदणी, बोटांचे ठसे, परगावी जायचे तर पास आणि रोजची हजेरी. पोलिस पाटलापुढे किंवा चौकीत रात्री जाऊन 'मी इथेच आहे' हे सांगायचे. मुलांना आईबापांपासून तोडून वेगळे ठेवण्याचीही सोय कायद्यात होती. सोलापूरला तारेच्या कुंपणाआड सेटलमेंट उभी राहिली आणि तिथल्या माणसांचे श्रम गिरण्यांना मिळाले. सुधारणा हे नाव, स्वस्त मजूर हा नफा.

आणि या 'गुन्हेगार' जमाती होत्या तरी कोण? बंजारा बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलुखभर पोहोचवीत असे. मिठावर सरकारी मक्तेदारी आली, रेल्वे आली, त्याचा तांडा बसला. रामोशी गावाची राखण करीत. चोरी झाली तर माग काढून द्यायची किंवा भरपाई करायची ही त्यांचीच जबाबदारी. गावाचा पोलिस होता तो! इंग्रजांनी त्याचे वतन, त्याचे काम काढून घेतले, उमाजी नाईक उठला, ३ फेब्रुवारी १८३२ ला त्याला पुण्यात फाशी दिली, आणि पुढे राखणदाराची जातच चोर ठरली. पारधी जाळे, फासे लावून तितर, ससा, हरीण धरायचा. जंगले सरकारजमा झाली, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याचा उरलासुरला बापजाद्यांचा धंदा तुरुंगात जाण्याचे कारण झाला. वन्यजीव वाचवू नयेत असे आम्ही म्हणत नाही. पण ज्याची उपजीविका कायद्याने काढून घेतली त्याला बदल्यात काय दिले, हा प्रश्न कुणी विचारला? कालपर्यंत जे पोट भरण्याचे साधन होते ते कायद्याच्या एका ओळीने गुन्हा झाले. गुन्हा हा निसर्गात सापडणारा पदार्थ नाही. ज्याच्या हातात कायदा करण्याची सत्ता आहे तो गुन्हा ठरवतो. नोट्समधल्या सगळ्या व्याख्यांच्या खाली ही एक ओळ आमच्या वाचकाने पेन्सिलीने लिहून ठेवावी.

हजेरीचा काच काय असतो हे अण्णा भाऊ साठे यांनी 'फकिरा'त मांडले आहे. दुष्काळात उपाशी मरणाऱ्या माणसांसाठी धान्य लुटणारा फकिरा सरकारदप्तरी दरोडेखोर होता. अण्णा भाऊंनी ही कादंबरी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली, ती उगाच नव्हे. आणि याच महाराष्ट्रात एक राजा असा होऊन गेला, की ज्याने १९१८ साली आपल्या संस्थानात महार, मांग, रामोशी, बेरड यांची हजेरी बंद करून टाकली आणि फासेपारध्यांना पकडण्याऐवजी नोकरीत घेऊन पहाऱ्यावर ठेवले. छत्रपती शाहू महाराजांनी गुन्हेगारीशास्त्राचे कुठलेही पुस्तक लिहिले नाही. ज्याला चोर म्हणतात त्याच्याच हातात किल्ल्या दिल्या आणि चोरी झाली नाही, हा प्रयोग मात्र त्यांनी करून दाखवला. असा प्रयोग परदेशात झाला असता तर त्या प्रयोगकर्त्याच्या नावाने एक सिद्धांत आपल्या पोरांना पाठ करावा लागला असता!

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा या विषयाशी संबंध काय, असे कुणी विचारील. १९२८ साली मुंबई सरकारने अस्पृश्य आणि आदिवासींच्या स्थितीची पाहणी करण्यासाठी समिती नेमली. तिचे अध्यक्ष ओ. एच. बी. स्टार्टे हे गुन्हेगार जमातींच्या सेटलमेंटचे काम पाहिलेले अधिकारी होते आणि बाबासाहेब त्या समितीचे सदस्य होते. समितीने १९३० मध्ये अहवाल दिला. पुढे १९४८ साली अस्पृश्यांच्या मुळाविषयी लिहिलेल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी अस्पृश्य, आदिम जमाती आणि गुन्हेगार जमाती या तिन्हींचा एकत्र उल्लेख केला, आणि गुन्ह्यालाच उपजीविकेचे मान्य साधन समजायला लावलेला कोट्यवधींचा समूह जिने तयार केला, त्या संस्कृतीलाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले. लोंब्रोसोने कवटीत शोधले, इंग्रजाने जातीत शोधले, बाबासाहेबांनी बोट दाखवले ते समाजरचनेकडे. त्याच ग्रंथात त्यांनी नाकाच्या मोजमापांचे आकडे घेतले; ब्राह्मण आणि अस्पृश्य वेगवेगळ्या वंशांचे आहेत हा समज त्यांनी मोजणाऱ्यांच्याच आकड्यांनी खोडून काढला. रिस्ले नावाचा इंग्रज अधिकारी नाके मोजून जातींची उतरंड लावीत होता. त्याचेच हत्यार बाबासाहेबांनी त्याच्यावर उलटवले. गुन्हेगारीशास्त्राच्या अभ्यासक्रमात या पानांना जागा का नाही?

नंतरचे सिद्धांत पाहिले तर ते बाबासाहेबांनी दाखवलेल्या दिशेनेच गेलेले दिसतात. अमेरिकेत रॉबर्ट मर्टनने १९३८ मध्ये सांगितले, की समाज सर्वांपुढे पैसा आणि मोठेपणा हे एकच ध्येय ठेवतो, पण तिथे पोहोचण्याचे सरळ रस्ते काहींनाच देतो. उरलेल्यांपैकी काही जण आडवाटेने जातात. उसाच्या फडाशेजारी पाल टाकून राहणाऱ्या पोराला हे समजावून सांगावे लागणार नाही. कारखान्याच्या सभासदाच्या पोराची चारचाकी त्याच्या पालावरून धूळ उडवीत रोज जाते. त्याच्याकडे मात्र जातीचा दाखला नाही, म्हणून शाळेची सवलत नाही; जमीन नाही, म्हणून रहिवासाचा पुरावा नाही; पुरावा नाही, म्हणून दाखला नाही. हे चक्र तहसील कचेरीत फिरते. त्याची नोंद फक्त एकाच कचेरीत बिनचूक असते, ती म्हणजे पोलिस ठाणे!

एडविन सदरलँडचा सिद्धांत मात्र सावधपणे हाताळायला हवा. गुन्हा रक्तातून येत नाही, सहवासातून शिकला जातो, असे तो म्हणाला. रक्ताचा मुद्दा त्याने निकालात काढला हे चांगलेच झाले. पण आपल्याकडच्या क्लासवाल्यांनी त्यातून काढले काय, तर 'या जमातीत गुन्ह्याची संस्कृतीच असते'. जन्माऐवजी संस्कृती हा शब्द घातला आणि तोच जुना शिक्का नव्या शाईने मारला. सदरलँडला हे अभिप्रेत नव्हते. १९३९ साली त्याने अमेरिकन समाजशास्त्रज्ञांपुढे केलेल्या भाषणात पांढरपेशी गुन्हेगारीची कल्पना मांडली ती नेमकी उलट टोक दाखवण्यासाठी, की गुन्हा गरिबीचा रोग नाही, बंगल्यातली आणि कंपन्यांतली प्रतिष्ठित मंडळीही आपल्या सहवासात तो शिकतात. १९९२ मध्ये मुंबईच्या शेअर बाजारात हर्षद मेहताचा घोटाळा उघड झाला. त्यानंतर दशकभराने तेलगीचे बनावट मुद्रांक देशभर गाजले, त्या प्रकरणात मोठमोठ्या पोलिस अधिकाऱ्यांना अटक झाली. हर्षद मेहताच्या जातीला कुणी गुन्हेगार जमात म्हटले काय? शेअर दलालांनी रोज रात्री चौकीत हजेरी द्यावी, असा कायदा कुणाला सुचला काय? तिथे गुन्हा माणसाचा राहिला, इथे तो जमातीचा झाला. एवढा फरक ज्याला कळला त्याला निम्मे गुन्हेगारीशास्त्र कळले.

हॉवर्ड बेकरने १९६३ मध्ये शिक्क्याचा सिद्धांत मांडला. समाज ज्याच्यावर गुन्हेगार म्हणून शिक्का मारतो तो माणूस बाकीच्या सगळ्या वाटा बंद झाल्याने त्या शिक्क्याप्रमाणे वागू लागतो, असा त्याचा सारांश. काम मागायला गेला तर 'पारधी आहे, नको', शाळेत पोराची पेन्सिल हरवली तर पहिली झडती त्याच पोराची, गावात चोरी झाली तर पहिली गाडी त्याच्याच पालावर. लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' १९८७ मध्ये आले, त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. बेकरचे पुस्तक मिळत नसेल तर आमच्या वाचकाने 'उचल्या' वाचावे. त्याची काही अडचण होणार नाही, झालाच तर फायदा होईल.

सिद्धांतांचे एवढे पुरे. प्रकारांच्या यादीत मात्र एक मोठी जागा रिकामी आहे आणि ती कुणाच्या डोळ्यांत येत नाही. जातीय गुन्हा हा प्रकार कुठे आहे? २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातल्या चौघांना गावाने मारले. २००८ साली भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी धरले, सहांना फाशी सुनावली. पण अॅट्रॉसिटी कायदा लागू होत नाही असे ठरवले. २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशीची शिक्षा जन्मठेपेत बदलली आणि जातीचा मुद्दा तिथेही टिकला नाही. म्हणजे खून झाला हे मान्य, जात मात्र नाही! ज्या शास्त्रात जातीय गुन्ह्याचे प्रकरणच नाही ते शिकून आलेला तपास अधिकारी पंचनाम्यात जात कुठून लिहिणार? जमातीला गुन्हेगार ठरवताना या व्यवस्थेला जात लांबून दिसते. जातीने गुन्हा केला की मात्र तिला जात दिसेनाशी होते.

स्वातंत्र्यानंतर अय्यंगार समितीच्या शिफारशीवरून ३१ ऑगस्ट १९५२ रोजी केंद्राने हा काळा कायदा रद्द केला. मुंबई राज्याने त्याआधीच, १९४९ मध्ये, तो रद्द केला होता. गुन्हेगार जमाती विमुक्त जाती झाल्या. महाराष्ट्रात विमुक्तांच्या यादीत चौदा जाती आहेत. पण कुंपण काढले आणि नवी तार ओढली. सराईत गुन्हेगारांचे कायदे आले, मुंबई राज्याचा १९५९ चा कायदा त्यांपैकीच. कायद्याच्या भाषेत आता जमात नव्हती, 'सवयीचा गुन्हेगार' होता. पोलिस ठाण्यातल्या रजिस्टरात मात्र तीच आडनावे राहिली. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २००० साली हे कायदे रद्द करण्याची शिफारस केली. रेणके आयोगाने २००८ मध्ये अहवाल दिला, त्यानंतर इदाते आयोग झाला. अहवाल कपाटात गेले. कपाटांची या देशात कधी टंचाई पडलेली नाही.

आमच्या वाचकाने आपल्याच तालुक्यातली एक गोष्ट ठाऊक करून घ्यावी. १९९८ च्या जून महिन्यात बारामतीत पिन्या हरी काळे या पारधी समाजातील माणसाचा पोलिसांच्या ताब्यात असताना मृत्यू झाला. त्याच वर्षी फेब्रुवारीत पश्चिम बंगालमधील पुरुलियात बुधन सबर हा खेडिया सबर जमातीतील तरुण असाच गेला होता. बुधनच्या प्रकरणात महाश्वेता देवी पुढे आल्या, कलकत्ता उच्च न्यायालयाने त्याच्या विधवेला भरपाई देण्याचे आणि तपासाचे आदेश दिले. महाश्वेता देवी, गणेश देवी, लक्ष्मण गायकवाड यांनी उभारलेल्या विमुक्तांच्या हक्कांच्या मोहिमेने या दोन्ही मृत्यूंची दाद मागितली. अहमदाबादच्या छारानगरातल्या पोरांनी बुधनवर नाटक बसवले आणि ते देशभर केले. हजार मैलांचे अंतर, भाषा वेगळी, पण दोघांना ठाण्यापर्यंत नेणारे कारण एकच, त्यांची जमात. सांगवीहून बारामती किती लांब आहे? तरी पुरुलियाचे नाव वाचलेले असते आणि बारामतीचे नसते. आपल्या अभ्यासवर्गांतही हे नाव क्वचित ऐकू येते.

हे जुने झाले असे म्हणणाऱ्यांसाठी परभणी आहे. १० डिसेंबर २०२४ रोजी परभणीत बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, लोक रस्त्यावर आले, पोलिसांनी वस्त्यांत शिरून धरपकड केली. सोमनाथ सूर्यवंशी हा कायद्याचा विद्यार्थी १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना मरण पावला. तो वडार समाजाचा होता, म्हणजे विमुक्त, आणि निळ्या झेंड्याखाली चालणारा होता. आधी छातीत दुखल्याचे सांगण्यात आले. शवविच्छेदनात अंगावरच्या अनेक जखमा समोर आल्या. सोमनाथच्या आईने न्यायालयाचे दार सोडले नाही. जुलै २०२५ मध्ये औरंगाबाद खंडपीठाने पोलिसांवर गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला, सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले आणि तिथे ३० जुलैला सरकारची याचिका फेटाळली गेली. कोठडीतील मृत्यूचा गुन्हा नोंदवून घ्यायला एका आईला सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढावे लागते. दरोड्याच्या 'तयारी'चा गुन्हा मात्र रात्रीतून नोंदवला जातो.

सोमनाथच्या मृत्यूने आपल्या चळवळीपुढेही एक प्रश्न ठेवला आहे, तो अप्रिय असला तरी मांडतो. वडार, कैकाडी, पारधी हे आपल्या मोर्चात येतात, आपण त्यांच्या पालावर किती जातो? बौद्ध वस्तीशेजारी पारध्यांची घरकुले मंजूर झाली, तर आपली माणसे त्यांचे स्वागत करतील की निवेदन घेऊन तहसीलदाराकडे जातील? गावकुसाबाहेर राहिलेल्याने आणखी पलीकडे राहणाऱ्याला चोर म्हणणे म्हणजे मनूच्याच उतरंडीवर आपली पायरी राखणे होय. तथागतांनी अंगुलीमालाला भिक्खू संघात घेतले. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात पतितांच्या आणि गुन्हेगारांच्या धम्मदीक्षेसाठी स्वतंत्र भाग ठेवला. दीघनिकायातील कूटदंत सुत्तात राजाला सल्ला मिळतो तो असा, की लुटारूंना मारून, बांधून चोऱ्या थांबणार नाहीत. शेती करणाऱ्याला बियाणे द्या, व्यापाऱ्याला भांडवल द्या, नोकराला वेतन द्या. गुन्ह्याचे मूळ दारिद्र्यात शोधणारी ही मांडणी बेकारिया आणि लोंब्रोसोच्या कितीतरी शतके आधीची आहे. परीक्षेत ती लिहिली तर गुण मिळतील की नाही, हे आम्ही सांगू शकत नाही.

तेव्हा आमच्या वाचकाने उत्तरपत्रिकेत काय लिहावे? 'गुन्हेगार जमाती' हा गुन्ह्याचा प्रकार नाही, तो १९५२ साली रद्द झालेल्या कायद्यातला शब्द आहे, हे निःशंकपणे लिहावे. त्याला आता सर्वोच्च न्यायालयाचाही आधार आहे. मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर ३ ऑक्टोबर २०२४ रोजी न्यायालयाने निकाल दिला. तुरुंगात जातीवरून झाडूकाम आणि स्वयंपाकाची वाटणी करणारे कारागृह नियम घटनाबाह्य ठरवले, कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढायला सांगितला, भटक्या-विमुक्त जमातींना जन्मावरून सराईत समजणारी कलमे मोडीत काढली आणि सराईत गुन्हेगारांच्या कायद्यांची मुळात गरज आहे काय, याचा फेरविचार करण्याची वेळ सरकारांवर आणली. विमुक्तांना मनमानी अटक होऊ नये म्हणून पोलिसांनी २०१४ च्या अर्णेश कुमार निकालातील आणि २०२४ च्या अमानतुल्ला खान निकालातील निर्देश पाळावेत, असेही सांगितले. फौजदाराच्या परीक्षेत हे तीन निकाल ज्याला येत नाहीत त्याने फौजदार होऊ नये, असे आमचे मत आहे.

निकाल लागला म्हणजे ठाण्यातले रजिस्टर बदलले असे नव्हे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या तुरुंगविषयक अहवालाप्रमाणे देशातल्या कैद्यांपैकी ७५.८ टक्के कच्चे कैदी होते, म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून सिद्ध झालेला नाही असे. २०११ च्या जनगणनेत अनुसूचित जाती १६.६ टक्के, तुरुंगात मात्र दर पाच कैद्यांमागे साधारण एक. विमुक्तांचा वेगळा रकाना त्या अहवालात नाही. ज्यांच्या जातीची नोंद ठाण्यात शंभर वर्षे ठेवली, त्यांची मोजणी न्यायासाठी करायची वेळ आली की कागद संपतो.

बारामती, इंदापूरच्या आमच्या कार्यकर्त्यांना म्हणूनच एक काम सुचवतो. माहितीच्या अधिकारात आपापल्या ठाण्याला विचारा, की गेल्या पाच वर्षांत दरोड्याच्या तयारीचे किती गुन्हे नोंदले, त्यांत किती आरोपी पारधी, रामोशी, कैकाडी, वडार होते, किती खटल्यांत शिक्षा लागली आणि किती सुटले. चांगल्या वर्तणुकीच्या हमीसाठी, म्हणजे पूर्वीच्या ११० आणि आताच्या १२९ कलमाखाली, किती जणांना नोटिसा गेल्या. पालावर ज्याला उचलले त्याच्या घरच्यांना अटकेचा कागद मिळाला का, हे त्याच दिवशी जाऊन पाहा. असा कागद करायचा आणि अटकेची खबर घरच्यांना द्यायची हे डी. के. बसू निकालाने १९९६ पासून ठरलेले आहे. वकील नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा, तो फुकट असतो. येरवड्याच्या पाहणीसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आणि अभ्यागत मंडळ यांनी नियमित जावे, असे २०२४ च्या निकालातच म्हटले आहे; गेले का, हे विचारा. आकडे हाती आले की आमच्याकडे पाठवा, ठाण्याच्या नावासह आम्ही छापू.